सस्कॅचेवानचा १३ क्रमांकाचा रस्ता

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कॅनडाची प्रवासवर्णने मराठी दैनिकांच्या रविवार पुरवण्यांतून नेहमी वाचायला मिळतात. त्यांत नायगारा असतो, बॅन्फ असते, रॉकीजमधली निळी-हिरवी तळी असतात. मधला प्रेअरीचा, म्हणजे गवताळ मैदानांचा प्रदेश मात्र बहुतेक लेखक विमानातूनच ओलांडतात आणि सपाट, ओसाड म्हणून एका वाक्यात निकालात काढतात. मी त्याच प्रदेशात, सस्कॅचेवान प्रांताची राजधानी असलेल्या रेजायनात राहते. माझ्या घराच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या एका रस्त्याविषयी हे पत्र आहे. हा मुलूख मुळात ओसाड नव्हता. तो कधी आणि कोणाच्या निर्णयांनी रिता होत गेला, हे सनावळीसह सांगता येते आणि ते सांगितले जावे असे मला मनापासून वाटते.

सस्कॅचेवान हा प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, पण लोकवस्ती जेमतेम बारा लाख. त्याच्या दक्षिण टोकाला, अमेरिकेच्या सीमेला बराचसा समांतर असा १३ क्रमांकाचा महामार्ग धावतो. पूर्वेला मॅनिटोबाच्या हद्दीवर अँटलरपाशी सुरू होतो आणि रेडव्हर्स, कार्लाइल, स्टॉटन, वेबर्न, ओगेमा, असिनिबोया, पॉन्टेक्स, शॉनव्हन, ईस्टएन्ड, कॉन्सल अशी गावे घेत पावणेसातशे किलोमीटरवर अल्बर्टाच्या सीमेला भिडतो. महामार्ग म्हटला तरी येणारी एक आणि जाणारी एक अशा दोनच मार्गिका.

याला ‘रेड कोट ट्रेल’ म्हणतात. १८७३ च्या जूनमध्ये सायप्रस टेकड्यांत अमेरिकेतून आलेल्या लांडगेमारूंनी (लांडग्यांच्या शिकाऱ्यांनी) तिथल्या मूळ रहिवासी नाकोडा लोकांची कत्तल केली. असा हिंसाचार आणि दारूचा बेकायदा व्यापार थोपवण्यासाठी ओटावाच्या सरकारने उभारलेल्या पोलीस दलाचे सुमारे पावणेतीनशे लाल डगलेवाले ८ जुलै १८७४ रोजी मॅनिटोबातल्या फोर्ट डफरिनहून पश्चिमेला निघाले. वाटेत त्यांची घोडी मेली, वाट चुकली, पाण्याचे हाल झाले. आजचा रस्ता त्यांच्या पावलांवरून जातो असा समज आहे, तो ढोबळमानानेच खरा. सुरुवातीचा त्यांचा मार्ग बराच दक्षिणेकडून, सीमा आखणाऱ्या पथकाच्या वाटेने गेला होता. मला खटकते ते हे की, रस्त्याच्या नावात फक्त पोलीस उरले आहेत. ज्यांच्या रक्षणासाठी म्हणून ते आले त्या लोकांचे पुढे काय झाले, याचा त्या नावात मागमूस नाही.

पुढे झाले ते असे. १८७९ च्या सुमारास कॅनडाच्या बाजूचे बायसनचे (रानबैलांचे) कळप, म्हणजे मूळ रहिवाशांचे अन्नच संपले आणि क्री व नाकोडा लोक उपासमारीने सायप्रस टेकड्यांत फोर्ट वॉल्श या पोलिसांच्या किल्ल्याभोवती गोळा झाले. दक्षिण प्रेअरीवरून पॅसिफिक रेल्वे नेण्याचे ठरले होते आणि त्या पट्ट्यात हे लोक एकत्र राहणे सरकारला नको होते. शिधा तोडला गेला, त्यांना उत्तरेला आणि पूर्वेला हाकलले गेले आणि १८८३ मध्ये किल्लाही बंद झाला. पूर्वेकडे स्टॉटनच्या आसपास फेझंट रम्प आणि ओशन मॅन या जमातींच्या राखीव जमिनी होत्या. १९०१ मध्ये त्या सरकारने काढून घेतल्या आणि माणसे कार्लाइलजवळच्या व्हाइट बेअरमध्ये कोंबली. मगच ही ‘मोकळी’ जमीन वसाहतीला मिळाली.

ती आधीच मोजून ठेवलेली होती. एक मैल लांब, एक मैल रुंद असा ६४० एकरांचा एक तुकडा, असे छत्तीस तुकडे मिळून एक टाउनशिप आणि मधून रस्त्यासाठी राखलेली, बहुतेक ठिकाणी ६६ फूट रुंदीची पट्टी. चढ, ओढा, तळे काही न बघता वहीवर रेघा ओढाव्यात तशी ही आखणी झाली. सुरुवातीचे रस्ते त्याच रेघांवरून मैलामैलाला काटकोनात वळत जात. १८७२ च्या कायद्याने १६० एकर जमीन दहा डॉलर शुल्कावर कसायला मिळे. नैऋत्येकडचा कोरडा भाग १९०८ मध्ये त्यासाठी खुला झाला. वास्तविक जॉन पॅलिसरच्या पाहणी पथकाने १८५७ ते १८६० या काळात हा पट्टा शेतीसाठी फार कोरडा असल्याचे नोंदवून ठेवले होते.

या रस्त्याला खरा जन्म दिला तो रेल्वेने. १९१२-१३ च्या सुमारास लोहमार्ग असिनिबोया, शॉनव्हन असा पश्चिमेला सरकला. शेतकऱ्याला घोडागाडीने धान्य घालून दिवसाउजेडी घरी परतता यावे एवढ्या अंतरावर स्थानके पडली. प्रत्येक स्थानकाशी उंच लाकडी एलेव्हेटर, म्हणजे धान्याची कोठारे, त्यांना लागून दुकान, शाळा, चर्च असे गाव उभे राहिले. आजचा १३ क्रमांक याच गावांना जोडत जातो. रेल्वेने कौल दिला नाही, तर गावाची गत काय होई, याचा दाखला मॅनर गावाच्या उत्तरेला आहे. कॅनिंग्टन मॅनर ही १८८२ मध्ये वसलेली खानदानी इंग्रजांची वसाहत. क्रिकेट, शर्यती, चित्रकला, सगळे होते. लोहमार्ग काही मैल दक्षिणेकडून गेला आणि वसाहत उठली.

१९३० च्या दशकात दुष्काळ आणि मंदी एकदम कोसळली, माती वाऱ्यावर उडून गेली. १९३१ मध्ये सस्कॅचेवानची लोकसंख्या नऊ लाख एकवीस हजारांवर होती. वीस वर्षांनी ती आठ लाख बत्तीस हजारांच्या आत आली. त्या काळात वेबर्नच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये टॉमी डग्लस नावाचा तरुण धर्मोपदेशक होता. समोरची दैना पाहून तो राजकारणात उतरला, १९४४ मध्ये प्रांताचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाला आणि कॅनडाच्या मोफत आरोग्यसेवेची पायाभरणी त्याच्याच सरकारने केली. त्याच सरकारने १९४६ मध्ये प्रांताची सार्वजनिक बससेवा सुरू केली. आपली एसटी रस्त्यावर आली १९४८ मध्ये. गावात एसटी येणे म्हणजे काय असते हे मराठी वाचकांना मी सांगायला नको.

लोहमार्गाचे दिवस धान्याच्या सवलतीच्या वाहतूकदरावर टिकून होते. १८९७ च्या कराराने आलेला हा दर १ ऑगस्ट १९९५ रोजी पूर्ण संपला आणि तोट्यातल्या शाखामार्गांचे रूळ उखडले जाऊ लागले. एके काळी प्रांतात तीन हजारांहून अधिक एलेव्हेटर होते. त्यांची जागा मोजक्या काँक्रीटच्या महाकाय कोठारांनी घेतली. धान्य दूरवर न्यायचे तर ट्रकने, आणि मातीवर डांबराचा पातळ थर दिलेले रस्ते त्या वजनासाठी बांधलेलेच नव्हते. ते फुटले. शॉनव्हनच्या भागातल्या शेतकऱ्यांनी आणि स्थानिकांनी पैसे उभे करून आपला लोहमार्ग विकत घेतला आणि वाचवला, याचे मला फार कौतुक वाटते. सगळ्यांना ते जमले नाही. पश्चिमेकडे रॉबसार्टसारख्या गावात आज पडकी दुकाने आणि मोजकी घरे उरली आहेत.

३१ मे २०१७ रोजी बससेवाही बंद झाली. अडीचशेहून अधिक गावांचा तो आधार होता. प्रवासी घटले, तोटा वाढला हे सरकारचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याच बसमधून औषधे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग जात आणि गाडी चालवू न शकणारी म्हातारी माणसे कर्करोगाच्या उपचारांसाठी रेजायनाला येत. माझ्या ओळखीच्या एक आजी आता दर वेळी शेजाऱ्यांचे उपकार घेत येतात. रुग्णालयात उपचार मोफत, पण तिथवर पोहोचायचे साधन नाही, हे मला मुळीच पटत नाही.

या रस्त्याशी आपला एक नित्याचा संबंध आहे, तो मसुरीचा. सस्कटूनच्या विद्यापीठात ॲल स्लिंकार्ड यांनी १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे मसुरीचे वाण दिले आणि गव्हाच्या या प्रांतात डाळी रुजल्या. कॅनडाची बहुतांश मसूर आज याच प्रांतात पिकते आणि भारत तिचा मोठा गिऱ्हाईक आहे. डिसेंबर २०१७ मध्ये भारताने मसुरीवर ३० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा इथले भाव घसरले. आपल्याकडे तो आपल्या शेतकऱ्याच्या बाजूचा निर्णय होता आणि त्याला कारणे होती. इथे मात्र त्याची झळ बस बंद होऊन वर्षही न झालेल्या गावांना लागली.

माझी विनंती एवढीच की, आपल्या प्रवासलेखकांनी एकदा विमान सोडून वेबर्न ते ईस्टएन्ड हा टप्पा गाडीने करावा आणि त्यावर लिहावे. ओगेमाला जुन्या आगगाडीची सफर आहे. ईस्टएन्डला १९९१ मध्ये सापडलेल्या ‘स्कॉटी’ या अजस्र टायरॅनोसॉरस डायनासोरचे संग्रहालय आहे. जुलैत मसूर फुलावर असते, ऑगस्टच्या अखेरीस कापणी चालते. पेट्रोल वेबर्न, असिनिबोया आणि शॉनव्हनला भरून घ्यावे. त्यापलीकडे पंप फार विरळ आहेत.

आपली वाचक,
रेजायना, सस्कॅचेवान