डिलनला ऐकून आलो

प्रिय मन्या,

काल रात्री झोप अशी लागलीच नाही, म्हणून सकाळी सकाळीच लिहायला बसलोय. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मला हे एका दमात सांगायचंय. अरे, बॉब डिलनला ऐकलं, आपल्या त्या अमेरिकन गायकाला! लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, १४ नोव्हेंबर २०२४ ला, टूरचा या वर्षातला अगदी शेवटचा शो. ८३ वर्षांचा माणूस रे.

फोटो मागू नकोस. दारातच फोन एका पाऊचमध्ये घालून लॉक करतात, पाऊच आपल्याच हातात असतो पण उघडत नाही. आधी वैताग आला, मग दिवे गेले आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकही स्क्रीन चमकेना, सगळे नुसते समोर बघत बसलेले.

आणि त्याने गायलं काय तर नवीन! १७ गाणी झाली, त्यातली ९ 'रफ अँड राऊडी वेज'मधली. अल्बम २०२० चा, टूर २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, म्हणजे तीन वर्षं हा माणूस हीच गाणी घेऊन गावोगाव फिरतोय. त्या अल्बममधल्या दहापैकी फक्त केनेडींच्या खुनावरचं ते जवळजवळ सतरा मिनिटांचं गाणं तेवढं वगळलं. हॉस्टेलवर आपण ज्या कॅसेटवर रात्री काढल्या त्यातली बरीचशी गाणी आलीच नाहीत, आणि खरं सांगतो, तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर मला त्यांची आठवणही झाली नाही. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' या जुन्या गाण्याने सुरुवात केली, तर तेसुद्धा शब्द कानावर पडेपर्यंत ओळखू आलं नाही, चालच बदललेली. लोक म्हणतात या वयात लोकांना हवं ते गावं, मला हे अजिबात पटत नाही. याच हॉलमध्ये १९६६ साली साधी गिटार सोडून इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हाही लोक ओरडलेच होते की त्याच्यावर, तेव्हा कुठे ऐकलं त्याने?

त्या नव्या अल्बममधलं 'की वेस्ट' चालू होतं तेव्हाचं सांगतो. पियानोमागे त्याच्या केसांचा झुपका तेवढा दिसत होता, आणि तो दोन-तीन सुरांचाच एक तुकडा परत परत वाजवत होता, दर वेळी जरा वेगळा, कधी ओळीच्या आधी कधी नंतर. बासवाला टोनी गार्नियर, १९८९ पासून त्याच्यासोबत आहे, तरी त्याची नजर डिलनच्या हातांवरून हलत नव्हती, कारण पुढच्या क्षणी काय येईल ते त्यालाही माहीत नसणार. ड्रम्सवर जिम केल्टनर, तोही ८२ वर्षांचा, ब्रशनं इतकं हळू वाजवत होता की मी श्वास धरून ऐकत होतो. आवाज फाटलाय रे त्याचा, पण शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो, आणि एखादी ओळ जवळजवळ बोलून टाकतो ना, तेव्हा पोटात कालवतं.

शेवटी १९८१ चं 'एव्हरी ग्रेन ऑफ सँड', आणि मग हार्मोनिका. हॉलमधून कुणीतरी हुंदका दिल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. वन्स मोअर वगैरे काही नाही. दिवे लागले, संपलं.

तू तो अल्बम अजून ऐकला नाहीयेस हे मला माहितीय, दोनदा विचारलं तेव्हा दोन्ही वेळा तू विषय बदललास. आज रात्री ऐक, 'की वेस्ट'पासून सुरुवात कर, साडेनऊ मिनिटांचं आहे, मधे उठू नकोस. मग फोन कर, कितीही वाजले तरी चालेल.

तुझाच,
अव्या