अमळनेरच्या बाजारातल्या अनोळखी माणसांचे आभार

मे महिन्याच्या उन्हात अमळनेरच्या बाजारात आमचे दादा चक्कर येऊन पडले. लगेच गर्दी जमली. बघे वाढले की ‘दुसरं कोणी करेल’ असं वाटून एकेकाचा हात आखडतो, हे डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोगातून दाखवलं होतं. मला तीच धास्ती होती.

पण भाजीवाल्या मावशी, तुम्ही मिरच्यांचं पोतं सरकवून दादांना सावलीत घेतलंत. “घाबरू नको वं माय,” म्हणत ओल्या पंच्यानं त्यांचं कपाळ पुसलंत. “ए लाल शर्टवाल्या, तू रिक्षा आण!” असं एकालाच नेमकं सांगितलंत, म्हणून तो धावला. अशा वेळी हेच करावं लागतं. रिक्षावाल्या भाऊंनी तर भाडंही घेतलं नाही.

दादा आता बरे आहेत. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार!