शेकोटी विझली, की नुसती झाकली?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ल्याकडे शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्या वाढतात, आणि रात्री माळावर जागोजागी शेकोट्या दिसू लागतात. त्याला माझी हरकत नाही. माझी काजूची बाग अशाच एका माळाला लागून आहे आणि बांधापलीकडे उतरणाऱ्या मुलांना जळण अनेकदा मीच देतो. तरीही गेल्या फेब्रुवारीत जे घडले, ते वाचकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

सात-आठ तरुणांनी रात्री शेकोटी केली, सकाळी निघताना तिच्यावर दोन-तीन घमेली माती ओढली आणि ‘विझवली हं काका’ असे मला सांगून ते गेले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठला, वरची माती उडाली आणि खालचा विस्तव बांधावरच्या वाळल्या गवताला लागला. शेजारच्या वाडीतील माणसे ओल्या फांद्या घेऊन धावून आली, म्हणून बाग वाचली. पण ऐन मोहोरातील नऊ झाडे होरपळली.

मातीने विस्तव विझत नाही, तो झाकला जातो. आपल्या आज्या रात्री चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवत आणि पहाटे राख बाजूला सारून, दोन काटक्या टाकून, फुंकणीने पुन्हा जाळ करीत. विस्तव जपण्याची ही युक्ती घरोघरी ठाऊक होती; तीच आज आपण विस्तव विझवण्यासाठी वापरतो, हे चमत्कारिकच म्हणायचे. खरोखर विझवायचे तर निघण्यापूर्वी अर्धा तास जळण घालणे थांबवावे, उरलेल्या ओंडक्यांची अर्धवट जळलेली बाजू पालथी करावी, पाणी हळूहळू ओतावे, काठीने राख ढवळावी आणि चर्र असा आवाज येणे बंद होईपर्यंत पुन्हा ओतावे. त्यानंतर पालथा हात राखेजवळ न्यावा. धग लागली नाही तरच राखेत बोटे घालून पाहावीत. हाताला ऊब लागली, तर काम संपलेले नाही. पाणी अगदीच नसेल तर निखारे फोडून मोकळ्या मातीत कालवावेत आणि सर्व थंड होईपर्यंत ढवळत राहावे. मात्र भरलेली घागर शेजारी ठेवल्याशिवाय काडी ओढूच नये, असे माझे मत आहे.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. चोहोबाजूंनी निदान दहा फूट गवत आणि पालापाचोळा झाडून नुसती जमीन उघडी करावी. वर फांदी नसावी आणि खाली झाडाची मुळे नसावीत, कारण वाळलेले मूळ जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहून भलतीकडेच पेट घेऊ शकते. कडेला दगड मांडायचे तर मलप्रभेच्या पात्रातले ओले गोटे आणू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटतात आणि कपच्या अंगावर उडतात. अखंड बांबूचे कांडेही बंदुकीसारखा बार काढते. आमच्या भागातील खास धोका काजूबियांचा. हौसेने कच्च्या बिया जाळात टाकणाऱ्यांना टरफलातील तेल उडून कातडी भाजते आणि त्या धुराने डोळे चुरचुरतात. बिब्ब्याचे लाकूड तर जळणात येऊच देऊ नये. गडाच्या कड्याखाली बसणाऱ्यांनी आधी मान वर करून पाहावे, कारण धुराने आग्या मोहोळ उठले तर पळायलाही वाट सापडत नाही.

शेकोटी मोठी असली की ऊब जास्त मिळते, हाही एक गैरसमज आहे. पुरुषभर उंच जाळापासून माणसे मागे सरकतात आणि त्यांच्या पाठी गारठतात. हातभर रुंदीच्या आगटीभोवती ती जवळ बसतात. स्वयंपाक तर जाळावर होतच नाही, भांडे नुसते काळे होते. तीन दगड मांडून, वारा येईल त्या बाजूला तोंड ठेवून, वाळक्या काटक्यांवर बोटाएवढ्या आणि मग मनगटाएवढ्या ढलप्या लावाव्यात आणि लाल निखारे पडल्यावरच भाकरी किंवा रताळी भाजावीत. पेटवायला कापराची वडी किंवा नारळाचे सोडण पुरते. पेट्रोल ओतणाऱ्याच्या हातातील बाटलीपर्यंत भडका येतो. रात्री थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची पाटी तंबूत नेणे तर जिवावर बेतणारे आहे, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा तो जळता सोडून जाणे यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. जंगलात मुक्कामाची हौस असणाऱ्यांनी त्यामुळे तिथे शेकोटीचा विचारही करू नये.

माझी सूचना अशी, की या रस्त्यावरील ग्रामपंचायतींनी आणि मुक्कामाची सोय देणाऱ्या घरमालकांनी मोकळ्या जागी दगडी कड्याची एक कायम आगटी बांधावी, शेजारी पाण्याचे पिंप ठेवावे आणि विझवण्याची रीत कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत लिहून लावावी. खर्च फार येणार नाही. मी स्वतः विहिरीजवळ असे एक कडे बांधले आहे. येणाऱ्यांना जळण अजूनही देतो, मात्र सकाळी राखेत हात घालून दाखवल्याशिवाय त्यांची गाडी बांधाबाहेर जाऊ देत नाही.

आपला,
एक काजू बागायतदार
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव