बाबा, टोकनचा चेक अजून देऊ नका

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "महिना पंचवीस हजार भाडं सुरू झालं की तुम्हा पोरांवर आमचा भार नको." ते वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलेलं नाही. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे. आधी तुम्ही वाचा, मग आईला मोठ्याने वाचून दाखवा. फ्लॅटसाठी काढलेल्या ८० लाखांतले निम्मे तिच्या माहेरच्या जमिनीचे आहेत, तेव्हा निम्मा निर्णयही तिचा.

पुण्यात वाकडचा तो फ्लॅट भाड्याने द्यायला म्हणून घेऊ नका, असं माझं मत आहे. २०१९ पासून मी त्याच भागात घरमालकीण आहे, म्हणून हे अंदाजाने सांगत नाही.

मागच्या मे महिन्यात भाडेकरू सोडून गेले, त्या दिवशी मी रिकाम्या फ्लॅटमध्ये उभी होते. माणसं चांगली होती, एकही महिना भाडं थकवलं नाही. पण सिंकखालचा पाइप कधीपासून ठिबकत होता कोण जाणे. ट्रॉलीचं प्लायवूड पुरीसारखं फुगलं होतं, हात लावला तर पापुद्रे सुटून आले. बेडरूमच्या एका भिंतीवर मी खिळ्यांची सोळा भोकं मोजली. प्लंबर, सुतार, रंगारी असं करत तीन आठवडे मी ऑफिस सुटल्यावर रोज तिकडे जात होते. मी चार किलोमीटरवर राहते. तुम्ही कराडहून एकशेसाठ किलोमीटर येणार, गुडघ्याला पट्टा बांधून? आणि २०२० तर आठवतंच तुम्हाला. आयटीवाली सगळी मुलं गावी गेली, माझा फ्लॅट आठ महिने रिकामा होता आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जात होता.

आता त्या फ्लॅटचा हिशेब. किंमत ७२ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४ हजार. एकट्या आईच्या नावावर घेतला तर १ टक्का कमी. नोंदणी फी ३० हजार. पंखे, गीझर, ट्रॉली, ग्रिल याला साडेतीन लाख धरा, त्याशिवाय चांगला भाडेकरू येत नाही. झाले जवळजवळ ८१ लाख. बांधकाम अजून चालू असेल तर यावर ५ टक्के जीएसटी वेगळा. भोगवटा पत्र (घर राहायला तयार असल्याचा दाखला) मिळालेल्या तयार घरावर तो लागत नाही.

भाडं २५ हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख. त्यातून मेंटेनन्स ४८ हजार (उन्हाळ्यात टँकरचे पैसे त्याच्यावर), घरपट्टी साधारण १४ हजार, वर्षातला एक महिना घर रिकामं राहणार त्याचे २५ हजार, दोन वर्षांनी भाडेकरू बदलला की एजंटला एक महिन्याचं भाडं, म्हणजे वर्षाला साडेबारा हजार, आणि रंग-दुरुस्ती २० हजार. घर भाड्याने दिलं की सोसायटी वर आणखी शुल्क लावते, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. ते मी धरलेलंही नाही. हातात वर्षाला १ लाख ८० हजार उरतात. महिन्याला पंधरा हजार, तेही ८१ लाख अडकवून.

साइटवरच्या त्या मुलाने तुम्हाला दोन वर्षं हमखास भाड्याची गोष्ट सांगितली ना? बाबा, ते भाडं आधी किमतीत चढवलेलं असतं आणि मग तुमचेच पैसे महिन्याला थोडे थोडे परत येतात. त्याच इमारतीतले तयार फ्लॅट लोक कितीला विकताहेत ते मी विचारून बघेन, मग बोलू.

याच्या शेजारी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना ठेवून पाहा. एकाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, आत्ताचा दर ८.२ टक्के. तीस लाखांवर दर तीन महिन्यांनी ६१ हजार ५०० येतात. दोघांचे मिळून वर्षाला ४ लाख ९२ हजार. आईचे पैसे आईच्याच खात्यातून भरा. तुमचे पैसे तिच्या नावावर टाकलेत तर ते व्याज करासाठी तुमच्याच उत्पन्नात धरतात.

तुम्ही म्हणाल, व्याज वाढत नाही, भाडं वाढतं, फ्लॅटची किंमतही वाढते. खरं आहे. करातही भाड्याला सवलत आहे, घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के सूट मिळते, व्याजाला तशी नाही. म्हणूनच मी पस्तिसाव्या वर्षी फ्लॅट घेतला. पण तुम्ही अडुसष्टचे आहात. मावशीच्या ऑपरेशनच्या वेळी चार दिवसांत सहा लाख उभे करायला लागले होते. तेव्हा फ्लॅट कामाला येत नाही. पोस्टातली ठेव वर्षानंतर मोडली तर दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का कापून पैसे हातात देतात.

आणि भाड्याचंच उत्पन्न हवं असेल तर ते आपल्या डोक्यावरच आहे. विद्यानगरच्या घराच्या वरच्या दोन खोल्या बंदच आहेत. बाहेरून जिना, वर संडास-बाथरूम, वेगळा सबमीटर, ओटा. सहा-सात लाखांत सगळं होईल. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं खोल्या शोधत आपल्याच गल्लीतून फिरत असतात. आठ-नऊ हजार सहज येतील. नळ गळला तर तुम्हाला खालूनच ऐकू येईल.

तुमची भीती मला माहीत आहे. आजोबांच्या वाड्यातला भाडेकरू शेवटपर्यंत निघाला नाही. तो १९४७ च्या जुन्या भाडे कायद्याचा काळ होता. आता १९९९ चा कायदा आहे. लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहू देण्याचा, लेखी करार करून नोंदवला आणि मुदत संपल्यावर माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि राहील तेवढ्या दिवसांचे दुप्पट पैसे त्याच्याकडे लागतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नसते, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच आधी धरलं जातं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, काम घरबसल्या ऑनलाइन होतं. ते मी करून देईन, पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही मीच भरेन.

म्हणजे ६० लाख पोस्टात, सात लाख वरच्या खोल्यांना, उरलेले तेरा बँकेत एफडीला, अडीअडचणीसाठी.

आणि बाबा, तो भार शब्द. माझ्या बारावीच्या क्लासची फी भरायला तुम्ही स्कूटर विकली आणि दोन वर्षं सायकलवर शाळेत शिकवायला गेलात, तेव्हा घरात कुणी भार म्हटलं नव्हतं. पुन्हा म्हणू नका.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते, माझ्या फ्लॅटची वही घेऊन. तोवर टोकनचा चेक देऊ नका.

आई, जिना मागच्या अंगाने काढला तर कढीपत्त्याचं झाड वाचेल, पण तुळशीवृंदावन हलवावं लागेल. ते कुठे ठेवायचं ते तू ठरवून ठेव.

तुमची,
मनू