कमरेखाली हात धरणाऱ्यांचे मनापासून आभार

जिम्नॅस्टिक्समधला बॅलन्सिंग बीम, म्हणजे तोल सांभाळायची आडवी पट्टी, जेमतेम 10 सेंटिमीटर रुंद आणि 125 सेंटिमीटर उंच. त्यावर बॅक फ्लिक, म्हणजे मागे झेप घेऊन हातांवरून उलटी कोलांटी, मारताना हात कुठे टेकणार ते आधी दिसतच नाही. मला कितीतरी महिने त्याची धास्ती होती. रोज मॅट ओढून आणणाऱ्या, कमरेखाली हात धरून "मी आहे, मार तू" म्हणणाऱ्या सीनियर ताई, तुमचे आभार कसे मानू? एक दिवस तुम्ही हात काढून घेतलात आणि मला कळलंही नाही!

बारवर तळहात सोलले की न बोलता टेप गुंडाळून देणारे दादा, मनगट दुखावलं तेव्हा धीराने पायापोटाचे व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओ मॅडम, बुडालेल्या तासांची वही आणून देणारी मैत्रीण, तुमच्यामुळेच मी टिकले. मध्ये उंची भराभर वाढली, जमलेला तोल पुन्हा शिकावा लागला. तेव्हा "आता जमणार नाही" असं तुमच्यापैकी एकानेही म्हटलं नाही.

आता कॉलेजच्या संघात जागा मिळवायची आहे, अभ्यास सांभाळून. निवड चाचणीसाठी कसरतींचा सेट बसवतेय; बीमवरून उतरताना अजून एक पाऊल मागे जातं. निवड झाली की पहिला फोन तुम्हालाच.