८८ वे स्तोत्र आणि समुद्रकाठची न्याहारी

म्हापसा,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम जय ख्रिस्त.

बाबा, तुम्ही फोनवर जे विचारलेत त्याचे उत्तर मी त्या दिवशी टाळले, कारण गॅसवर कढई होती आणि खरे तर उत्तरही जवळ नव्हते. आत्याच्या अंत्यविधीत स्तोत्रे वाचली गेली तेव्हा तुमच्या मनात आले की, ज्या स्तोत्रांच्या आधाराने आपण माणसांना निरोप देतो तीच मृतांविषयी इतके निराश बोलतात. ६ वे म्हणते, मरणात तुझे स्मरण कोणाला राहत नाही. ३० वे विचारते, माती तुझे स्तवन करील काय. आणि ११५ वे तर सरळच सांगते की मृत परमेश्वराची स्तुती करत नाहीत. मग मेलेल्यांचे पुनरुत्थान बायबलातल्या या स्तोत्रसंहितेत आहे तरी कुठे?

तुमचा प्रश्न ८८ व्या स्तोत्रात जितका उघडा आहे तितका दुसरीकडे कुठेच नाही. मृतांसाठी तू अद्भुत कृत्ये करशील काय, ते उठून तुझे स्तवन करतील काय, असे त्याचा कर्ता हेमान विचारतो, आणि त्याला उत्तर मिळत नाही. इतर विलापस्तोत्रे बहुधा शेवटी स्तुतीकडे वळतात. हे मात्र अंधारातच संपते. लहानपणी सकाळच्या प्रार्थनेत तुम्ही क्रमाने सगळी १५० स्तोत्रे वाचत असा आणि हेही कधी गाळत नसा, याचे मोल मला आता कळते. आपले काही उपदेशक ते घाईघाईने ओलांडून परमेश्वर माझा मेंढपाळ म्हणणाऱ्या २३ व्याकडे वळतात, ते मला पटत नाही.

शनिवारी रात्री शेजारच्या बाईंबरोबर मी त्यांच्या चर्चमध्ये जागरणाच्या उपासनेला गेले होते. (आई, काळजी करू नकोस, मी अजून आपल्याच मंडळीची आहे.) अब्राहाम आणि इसहाकाच्या वाचनानंतर तिथे १६ वे स्तोत्र कोंकणीतून गायले गेले. शब्द सगळे कळले नाहीत, पण तू माझा जीव अधोलोकात राहू देणार नाहीस, ही ओळ कानांनी ओळखली. पेन्टेकॉस्टच्या म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या दिवशी प्रभूचा शिष्य पेत्र याने हीच ओळ घेऊन सांगितले की हे स्तोत्र ज्याचे आहे तो दावीद तर मेला, पुरला गेला आणि त्याची कबर आजही आपल्याकडे आहे. म्हणजे ही ओळ दाविदावर पूर्ण झाली नाही, ती ख्रिस्तावर झाली. स्तोत्रकर्त्याच्या तोंडून निघालेली आशा त्याच्या स्वतःच्या आयुष्यापेक्षा मोठी निघाली. शिवाय प्रभू स्वतः स्तोत्रांचेच शब्द उच्चारत मेला: २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आणि ३१ व्यातले, तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो, हे वचन. म्हणून मला वाटते, हेमानाचा प्रश्न त्याने खोडून काढला नाही. तो घेऊन तो कबरेत उतरला, आणि मृत उठून स्तवन करतील काय याचे उत्तर तिसऱ्या दिवशी होकारार्थी झाले.

काल पहाटे मोरजीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना पाहिली. दोन्ही टोकांना माणसे लागलेली, दोर खांद्यावरून गेलेला, पाय वाळूत रुतलेले, आणि शेवटी जाळे आले तेव्हा त्यात थोडे बांगडे नि बरेचसे शेवाळ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात मात्र जाळ्यात १५३ मोठे मासे आहेत, तरी मला त्या संख्येपेक्षा काठावरचा विस्तवच अधिक आवडतो. मरणावर विजय मिळवून आलेला प्रभू कोळशांवर मासे भाजून ठेवतो आणि रात्रभर राबलेल्यांना म्हणतो, या, न्याहारी करा.

त्याच न्याहारीनंतर तो पेत्राला सांगतो की तू म्हातारा होशील तेव्हा हात पसरशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिथे नेईल. योहान लिहितो की हे पेत्राच्या मरणाविषयी होते, हे मी विसरत नाही. तरी बाबा, मला तुमच्या सदऱ्याची बटणे आठवली. हात थरथरतात म्हणून आई ती लावते आणि तुम्ही त्या वेळी खिडकीबाहेर पाहता, कारण ते तुम्हाला सहन होत नाही. पुनरुत्थित प्रभूने म्हातारपणाचे हे परावलंबन आपल्या तोंडाने बोलून दाखवले आणि लगेच, माझ्या मागे ये, असे म्हटले. हात पसरणारा माणूसही त्याच्या मागे चालू शकतो, असे त्याने धरूनच चालले आहे.

आई, तू म्हणालीस की बाबा हल्ली ७१ वे स्तोत्र वाचताना ९ व्या वचनापाशी, म्हातारपणी माझा त्याग करू नकोस या ओळीपाशी, पुस्तक मिटतात. मे महिन्यात मी आठ दिवसांची रजा घेऊन येते आहे. तोवर त्यांना रोज २० व्या वचनापर्यंत वाचून दाखव. तिथे स्तोत्रकर्ता म्हणतो की तू मला पुन्हा जिवंत करशील आणि पृथ्वीच्या खोल ठिकाणांतून वर आणशील. बटणे लावून झाली की वाच, आधी नको.

तुमची लेक