‘बरा झाला’ हा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १० ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या आसपास आपल्या आणि इतरही दैनिकांत एकाच साच्याची बातमी येते. अमुक जिल्ह्यात वर्षभरात इतके हजार मनोरुग्ण तपासले, इतक्या शाळांत समुपदेशन केले, इतकी शिबिरे घेतली, ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर इतके लाख फोन आले. मी जिल्हा परिषदेच्या सांख्यिकी शाखेत ३१ वर्षे काढली. असल्या बातम्यांमागचे तक्ते स्वतः भरले, ‘निरंक’चे अहवालही पाठवले. त्यामुळे आकडा दिसला की माझी नजर आधी रकान्याच्या मथळ्याकडे जाते. या मथळ्यांत ‘आले’, ‘तपासले’, ‘दाखल केले’ असते. ‘बरे वाटू लागले’ असा रकाना मला एकाही गोषवाऱ्यात आढळलेला नाही.

माझा धाकटा भाऊ शिंपी. हात असा की पंचक्रोशीतले नवरदेवाचे सफारी त्याच्याकडे शिवायला यायचे. २२ वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले. तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही सरकारी दवाखान्याची मनोविकार ओपीडी गाठतो. सकाळी साडेआठला केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे. अकरानंतर कधीतरी नंबर लागतो आणि आत दोन मिनिटे मिळतात. डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेरच्या बाकांवर एकदा मी शंभराच्या आसपास डोकी मोजली आहेत (सवय जात नाही). ते विचारतात, “बरं आहे ना?” भाऊ म्हणतो, “बरं आहे.” केसपेपरवर पडते ‘सीटी ऑल’, म्हणजे त्याच गोळ्या पुढे चालू. आता ‘बरं आहे’ हे मराठी माणूस मयताच्या घरीही म्हणतो. त्या दोन शब्दांवर सहा वर्षे एकच डोस चालला.

मीही त्याला सुधारलेला धरून चाललो होतो. ओरडत नव्हता, रात्री झोपत होता, माझ्या पत्नीने वाढलेले निमूट जेवत होता. मग एकदा समाजकार्य शिकणारी एक मुलगी फील्डवर्कसाठी ओपीडीत आली. तिने बाकावर बसल्या बसल्या सहज विचारले, “काका, काम काय करता?” तो म्हणाला, “आता करत नाही. हात थरथरतात, सुई ओवता येत नाही.” हे त्याने मला, सख्ख्या भावाला, कधी सांगितले नव्हते, मी विचारलेही नव्हते. माझ्या लेखी तो शांत होता म्हणून बरा, आणि त्याच्या लेखी सुई ओवता येत नव्हती म्हणून आजारी. मुलीने ते केसपेपरवर लिहिले, डॉक्टरांनी गोळी बदलली. चार महिन्यांनी त्याने उशीचे अभ्रे शिवले. शर्ट अजून जमत नाही.

त्याच इमारतीत, दोन दारे सोडून, क्षयरोगाचा कक्ष आहे. क्षयाचा रुग्ण एकदा नोंदवला की त्याच्या नावापुढे शेवटी काहीतरी लिहावेच लागते: बरा झाला, उपचार पूर्ण केले, उपचार निष्फळ ठरले, मध्येच सुटला, मरण पावला. आता ही नोंद ‘निक्षय’ पोर्टलवर होते, पूर्वी जाड रजिस्टरात व्हायची. शंभर नोंदवले तर शंभरांचा हिशेब द्यावा लागतो. मनोविकार ओपीडीत मात्र ‘नवीन’ आणि ‘जुने’ एवढेच दोन रकाने माझ्या पाहण्यात आले. जुना रुग्ण यायचा थांबला, तर तो बरा झाला, कामासाठी मुंबईला गेला, देवऋष्याकडे गेला की विहिरीत सापडला, तक्त्याला सगळे सारखेच. मनाच्या आजाराला थुंकीची तपासणी नाही, हे मला कळते. पण माणूस यायचा का थांबला हे विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. आशाताई लागते, आणि ती गावात आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, कर्नाटकातल्या बेल्लारीच्या प्रयोगावरून उभा राहिलेला जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. इतक्या वर्षांत एक रकाना वाढवता आला असता.

चुकीचा आकडा निवडला तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही घरी न्यायला कोणी नाही, अशी माणसे वर्षानुवर्षे राहतात. मनोरुग्णालयांतल्या व्यक्तींना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलवले जात असल्याबद्दल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला फटकारले आणि ते थांबवायला सांगितले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या भावनेशी ते विसंगत होते. पण खाटांच्या तक्त्यात अशी बदली ‘डिस्चार्ज’ म्हणूनच दिसणार. खाट रिकामी होते, टक्केवारी सुधारते, आणि माणूस एका कोंडवाड्यातून दुसऱ्यात जातो.

मोजणे शक्य नाही, असे मला कोणी सांगू नये. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्यामार्फत नैराश्य हुडकले, समुपदेशन केले आणि १८ महिन्यांच्या अंतराने पाहणी करून फरक तपासला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. कापसाच्या पट्ट्यात, आत्महत्यांच्या बातम्यांनी झाकोळलेल्या जिल्ह्यात हे जमले. उलट २०१५-१६ ची राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी १२ राज्यांत झाली, तीत महाराष्ट्र नव्हताच.

आणि मोजपट्टी सरकारकडे आहे की! मनोविकारामुळे दिव्यांगत्वाचा दाखला हवा असेल तर ‘आयडियाज’ नावाच्या पद्धतीने गुण देतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, काम. प्रत्येकाला शून्य ते चार, अडचण जास्त तितके गुण जास्त. आजार किती वर्षांचा आहे हेही धरतात. ४० टक्के भरले की सवलतीचा दाखला. माझ्या भावाचे असे मोजमाप एकदा झाले, दाखल्यापुरते. उपचाराने त्यातला एखादा गुण कमी झाला का, हे पाहायला ते पुन्हा कोणी काढले नाही. यात एक खोच आहे. गुण सुधारले तर दाखला जाईल, मग सवलत जाईल, या भीतीने घरचे लोक सुधारणा लपवतात. म्हणून उपचाराची मोजणी दाखल्यापासून पूर्ण वेगळी हवी. ओपीडीत दिलेले उत्तर दाखल्याच्या टेबलावर जाणार नाही, हे रुग्णाला लेखी सांगायला हवे.

इंग्लंडमध्ये २००८ पासून नैराश्य आणि चिंताविकारावरच्या सरकारी समुपदेशन सेवेत दर भेटीला ठरावीक प्रश्न विचारतात आणि निम्मे तरी बरे व्हावेत असे उद्दिष्ट ठेवतात. आकडे भागवार जाहीर होतात. कौतुक करावे असेच आहे, पण तिथली टक्केवारी किमान दोन भेटी झालेल्यांवर काढतात. एकदाच येऊन गेलेला त्या भागाकारात नाही. छेद कसा निवडला यावर उत्तर फिरते, हे आमच्या शाखेतला शिपाईही सांगेल. आपण करताना पहिल्या दिवशी केसपेपर काढलेला प्रत्येक जण छेदात धरावा.

नैराश्याची ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी मराठीत आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, २७ पैकी गुण देतात, पाच मिनिटे लागतात. रांगेत आमचे अडीच तास तरी असेही जातातच. सिस्टर किंवा समाजसेवा अधीक्षकांनी दर तीन महिन्यांनी एकदा ती भरून घ्यावी. ज्यांचा आजार माझ्या भावासारखा आहे, त्यांना तीन-चारच प्रश्न विचारावेत: गोळ्यांचा त्रास काय होतो, काम काय करता, गेल्या महिन्यात कोणाच्या घरी गेलात, आणि तुम्हाला स्वतःला काय जमायला हवे आहे. उत्तर रुग्णाचे वेगळे लिहावे, नातेवाइकाचे वेगळे. जिल्हावार गोषवारा वर्षातून एकदा जाहीर करावा. कृपा करून त्याची क्रमवारी लावू नये आणि त्यावर बक्षिसे देऊ नयेत. नाहीतर तक्ते कसे ‘सुधारतात’ ते मी ३१ वर्षे पाहिले आहे. अवघड रुग्णाला पुढची तारीखच मिळणार नाही.

जादा मनुष्यबळ नाही, हे उत्तर येणार. रिक्त पदे भरा, ही मागणी आहेच. तोवर प्रपत्र आखायला माणूस नसेल तर मी विनामूल्य आखून देईन, उभे रकाने कमी ठेवून.

आपला,
एक निवृत्त सांख्यिकी कर्मचारी, पश्चिम महाराष्ट्र

(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, कृपया छापू नये. हे पत्र भावाला वाचून दाखवले आहे. एक वाक्य त्याने खोडायला लावले, ते खोडले आहे.)